वार जेवलेल्यांचे वंशज

गेल्या गणेशोत्सवातील गोष्ट आहे. आमच्या येथील महाराष्ट्र मंडळात सायंकाळची आरती आटोपली होती, प्रसाद वाटून झाला होता आणि कार्यकारिणीची मंडळी सभागृहालगतच्या खोलीत बसली होती. समोरचा ठराव अगदी साधा होता. मंडळाच्या अतिथिगृहातील दोन खोल्या येथील विद्यापीठात शिकावयास आलेल्या गरीब मराठी विद्यार्थ्यांसाठी वर्षभर राखून ठेवाव्यात, आणि ज्यांच्या घरातील कोणीही आजवर महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही अशांना त्यात अग्रहक्क द्यावा, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर भारत सरकारच्या सेवेतून मानाच्या पदावरून निवृत्त झालेले आणि मंडळाचे आधारस्तंभ मानले जाणारे एक वयोवृद्ध सभासद शांतपणे म्हणाले, “अहो, या मुलांना सरकार सगळेच देते. आम्हाला कोणी काय दिले होते? आणि ज्याच्या अंगी खरी गुणवत्ता असते, तो कोणाच्या खोलीवाचून अडून राहत नाही.” माना डोलल्या. ठराव पुढील सभेपुढे ठेवावा असे ठरले आणि मंडळी घरोघर गेली.

त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांनी चाळीस वर्षे निष्कलंक सेवा केली. कोणाचे वाईट चिंतिले नाही. परंतु त्यांनी उच्चारलेली तीन वाक्ये त्यांची एकट्याची नाहीत. दिल्लीपासून हैदराबादपर्यंत आणि भोपाळपासून कोलकात्यापर्यंत, जेथे जेथे आपण मराठी अधिकारी बदलीच्या निमित्ताने जाऊन राहिलो, तेथल्या प्रत्येक दिवाणखान्यात ही तीन वाक्ये चहाबरोबर फिरत असतात. ती इतकी सभ्यपणे बोलली जातात की त्यांत काही चुकीचे असेल अशी शंकाही येत नाही. म्हणूनच ती एकेक करून तपासून पाहणे अवश्य आहे. मधल्या वाक्यापासून प्रारंभ करतो. कारण ते आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे.

“आम्हाला कोणी काय दिले होते?” आपल्या आजोबा-पणजोबांच्या कथा घरोघर सांगितल्या जातात. कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या खेड्यातून मुलगा अंगावरच्या वस्त्रानिशी पुण्यास आला, रस्त्यावरच्या दिव्याखाली त्याने अभ्यास केला, आणि पुढे तो मामलेदार झाला, मुन्सफ झाला. कथा खरी आहे. मात्र ती सांगताना आपण तिच्यातील एक प्रकरण गाळतो. तो मुलगा जेवत कोठे होता? सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरचे सात वार त्याने लावलेले असत. ज्याला वार मिळत नसत तो माधुकरी मागे. १९०९ साली पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहासारख्या संस्थांनी अशा मुलांच्या डोक्यावर छप्पर घातले. म्हणजे सरकारने दिले नसेल, पण समाजाने दिले. या पद्धतीची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. उलट, एका बाबतीत ती आजच्या कोणत्याही शासकीय नियमावलीपेक्षा शहाणी होती. तीत जेवण ज्या दिवसाचे त्या दिवशी मिळे. वर्ष संपल्यावर, दाखले जोडून, अर्ज मंजूर झाल्यानंतर नव्हे.

परंतु त्या पंगतीत पान कोणासाठी मांडले जात असे? कुणब्याच्या मुलाला त्या पंगतीत पान नव्हते. महार-मांगाच्या मुलाला तर त्या आळीत पाऊल टाकण्याचीही सोय नव्हती. तो मुलगा मूर्ख होता म्हणून मागे राहिला काय? राजर्षी शाहू महाराजांनी हे बरोबर ओळखले. कोल्हापुरात त्यांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले, आणि पुढे जातीजातींसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. १९०८ सालचे मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी होते. शाळा होत्या, परीक्षा होत्या, हुशारीही होती. उणीव होती ती रात्री पाठ टेकायला जागेची आणि दोन वेळच्या भाकरीची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रदेखील, मोडले. ही हकीगत प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते आणि ती सांगताना त्याचा कंठ दाटून येतो. मग दोन खोल्यांच्या ठरावापाशी तो कंठ कोरडा का पडावा?

आता आपल्या स्वतःच्या मुलांकडे पाहू. त्यांना कोणी काय दिले, असे आपण विचारतो काय? घरात इंग्रजी वर्तमानपत्र येते. वडील जेवताना सहज सांगतात की अमुक परीक्षेचा अर्ज अमुक महिन्यात निघतो. आईची मैत्रीण एखाद्या महाविद्यालयात प्राध्यापिका असते. मुलगा एखाद्या विषयात नापास झाला तर घरावर आभाळ कोसळत नाही. ‘पुढच्या वेळी पाहू’ असे म्हणणारे कोणी असते. या मदतीचे नाव कोठल्याही अंदाजपत्रकात येत नाही, म्हणून ती आपल्याला मदत वाटत नाही. ज्या मुलाचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि उन्हाळा लागल्यावर गावी परततात, त्या मुलाला हे सारे वसतिगृहाच्या सूचनाफलकावरून, शेजारच्या खाटेवरच्या मुलाकडून, आणि बहुधा मुदत उलटून गेल्यावर कळते. दोघांच्या हाती उत्तरपत्रिका एकच पडते, हे खरे. पण दोघे एकाच ठिकाणाहून निघाले असे म्हणणे हा शुद्ध भ्रम आहे.

आता पहिले वाक्य घेऊ. “सरकार सगळेच देते.” आपण हिशेबी माणसे आहोत, तेव्हा हिशेबच मांडू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना १९४४ पासून चालत आली आहे. त्या योजनेत फी वेगळी भरून मिळते, हे मी प्रथमच मान्य करतो. प्रश्न आहे तो पोटाचा आणि पुस्तकांचा. २०१० साली ठरलेल्या दरांप्रमाणे बी.ए., बी.कॉम. यांसारख्या साध्या पदवीसाठी वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला महिना ५७० रुपये निर्वाहभत्ता होता. अकरा वर्षांनी, २०२१ साली, नवी नियमावली निघाली. तीत त्याच मुलासाठी वर्षाला ६,००० रुपये ठरले. बारा महिन्यांवर वाटले तर महिना ५०० रुपये. उन्हाळ्याची सुटी वगळून दहाच महिने धरले तर ६००. सर्वांत वरच्या गटातील, म्हणजे वैद्यकी किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या वसतिगृहवासी विद्यार्थ्यालाही वर्षाला १३,५०० रुपयेच.

याच अकरा वर्षांत आपल्या पदरात काय पडले? वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आपला महागाई भत्ता वाढत राहिला. मध्ये सातवा वेतन आयोग आला आणि तो २०१६ पासून लागू झाला. करोनाच्या साथीत हा भत्ता अठरा महिने गोठवला गेला, तेव्हा आपण केवढा आक्रोश केला! त्या थकबाकीची आठवण अजूनही प्रत्येक सेवानिवृत्ताच्या जिभेवर आहे. मी स्वतः तिला अपवाद नाही. माझे म्हणणे एवढेच, की डाळ आणि तांदूळ महागतात ते केवळ सरकारी नोकराच्या घरी महागत नाहीत. ज्या निर्देशांकाने आपले पोट मोजले जाते, त्याच निर्देशांकाने त्या मुलाचे पोट मोजण्यास कोणता नियम आड येतो?

आणखी एक आकडा पाहा. महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून, ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही अशा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ योजना सुरू केली. तीत मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी भोजनाचे ३२,००० रुपये, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००, असे एकूण ६०,००० रुपये वर्षाला धरले आहेत. हाही काही चैनीचा आकडा नव्हे. परंतु मोठ्या शहरात एका विद्यार्थ्याला राहण्या-खाण्याला निदान किती लागते, याचा एका शासनाने लेखी दिलेला तो कबुलीजबाब आहे. त्याच्या शेजारी ६,००० ठेवा आणि मग ‘सगळेच देते’ हे वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहा.

आणि हे तरी कोणाला? ज्याच्या आईबापांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्याला. आपल्या कार्यालयातील सर्वांत खालच्या पायरीवरच्या शिपायाचा विचार करा. सातव्या वेतन आयोगाने ठरवलेले किमान मूळ वेतन महिना १८,००० रुपये. २०२४ च्या जानेवारीत त्यावर ५० टक्के महागाई भत्ता झाला. म्हणजे महिना २७,००० आणि वर्षाला ३,२४,०००. तो शिपाई श्रीमंत ठरला! त्याच्या मुलाला ही शिष्यवृत्ती नाही. दुसरीकडे, आर्थिक दुर्बल घटकांसाठी २०१९ साली आरक्षण आले तेव्हा दुर्बलतेची मर्यादा ठरली आठ लाख रुपये. एकाच देशात, एकाच सरकारच्या दप्तरात, आठ लाखांचा धनी दुर्बल आणि सव्वातीन लाखांचा शिपाई सधन! ही विसंगती कोणा परकीयाने निर्माण केलेली नाही. अशा मर्यादांची टिपणे तयार करणाऱ्या कार्यालयांत आपल्यासारखेच लोक बसलेले असतात.

आता तिसरे वाक्य. “खरी गुणवत्ता अडून राहत नाही.” २०२४ च्या जून महिन्यात उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळाली. जागा निश्चित करण्यासाठी १७,५०० रुपये सायंकाळी पाचच्या आत भरावयाचे होते. गावकऱ्यांकडून पै-पैसा गोळा होईपर्यंत पावणेपाच झाले. आणि संगणकावरची प्रक्रिया पुरी होण्यापूर्वी पाच वाजले. जागा गेली. या मुलाची गुणवत्ता कोणी नाकारली नव्हती. देशातील अतिकठीण मानलेल्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला होता. तो आयोगाकडे गेला, उच्च न्यायालयात गेला, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरला, संविधानाच्या १४२व्या कलमाखालील आपला विशेष अधिकार वापरून, त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. त्या पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते, याचा आपल्याला मराठी म्हणून अभिमान वाटतो. वाटावाच. परंतु अभिमानाबरोबर थोडी लाजही वाटू द्यावी. साडेसतरा हजार रुपये वेळेवर नसल्यामुळे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला आपला असाधारण अधिकार उपयोगात आणावा लागतो, ही गोष्ट भूषणाची नाही. आणि असे प्रथमच घडले असेही नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रवेशाच्या अशाच एका प्रकरणी त्याच न्यायालयाला दलित विद्यार्थ्यासाठी जागा निर्माण करण्याचा आदेश द्यावा लागला होता. जे न्यायालयापर्यंत पोहोचले ते दोघे आपल्याला ठाऊक झाले. जे घरी परत गेले, त्यांची नोंद कोण ठेवतो?

एक नोंद मात्र संसदेच्या दप्तरात आहे. २०२३ च्या डिसेंबरात लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार, मागील पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आय.आय.टी. आणि आय.आय.एम. यांतून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांचे १३,६२६ विद्यार्थी शिक्षण सोडून गेले. त्यांतले ९,६४२ एकट्या केंद्रीय विद्यापीठांतले होते. उत्तरात असेही म्हटले होते की विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात, आणि ते एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत किंवा एका अभ्यासक्रमातून दुसऱ्या अभ्यासक्रमात जात असतात. काही विद्यार्थी अधिक चांगल्या ठिकाणी गेले असतील, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्याने अशी उत्तरे तयार केली आहेत त्याला हे वाक्य चांगले परिचयाचे आहे. ते खोटे नसते. प्रश्नाला स्पर्श न करता त्याच्या शेजारून निघून जाण्याची ती एक सुरक्षित वाट असते. गावी परतून बापाबरोबर गवंड्याच्या हाताखाली उभा राहिलेला मुलगाही, या भाषेत, ‘दुसरा पर्याय’ स्वीकारूनच गेलेला असतो.

या हिशेबाने पाहता आपल्या इतिहासातही एक फार मोठा ‘पर्याय स्वीकारणारा’ होऊन गेला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड त्यांना मिळत. पुढे ते लंडनला शिकू लागले आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून तो अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्या वर्षीच्या एखाद्या तक्त्यात त्यांचीही गणना ‘शिक्षण सोडलेले’ या रकान्यातच झाली असती. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. वाचकहो, परप्रांती नेमणूक झालेला तो एक मराठी अधिकारीच होता, आपल्यासारखा. आणि विद्वत्तेत आपल्या सर्वांहून कितीतरी थोर. त्या अधिकाऱ्याला अख्ख्या बडोदे शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून तो एका पथिकाश्रमात उतरला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्री असल्यामुळे त्याने मधले पाच तास कामाठी बागेत काढले. विलायतेची पदवी होती, संस्थानची नोकरी होती, महाराजांची कृपा होती. फक्त खोली नव्हती. ‘गुणवत्ता खोलीवाचून अडत नाही’ असे म्हणणाऱ्याने कामाठी बागेतील ते पाच तास एकदा डोळ्यांपुढे आणावेत.

पुढे ते १९२० साली लंडनला परत गेले आणि शिक्षण पुरे केले, ते कशाच्या बळावर? सिडनहॅम महाविद्यालयातील अध्यापनातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य, आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज. ज्यांच्या प्रज्ञेविषयी कोणाला शंका नाही, त्यांनाही एक राजा, एक मित्र आणि एक पगार लागला. आणि हे त्यांना स्वतःला पुरते उमगले होते. म्हणूनच १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय उभे केले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या ज्या पहिल्या पिढीला तेथे जागा आणि जिव्हाळा मिळाला, त्या पिढीने पुढे मराठी साहित्याची दिशाच बदलली. साहाय्याने माणूस पंगू होतो म्हणणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर देता येणार नाही.

केवळ पैशाने भागते असेही नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी २००७ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. देशातील निवडक बुद्धिमंतांच्या त्या संस्थेत, वसतिगृहापासून भोजनालयापर्यंत आणि वर्गापासून परीक्षेपर्यंत, या मुलांना वेगळे पाडले जाते असे त्या समितीला आढळले. शिष्यवृत्ती खात्यात जमा होते. परंतु जेवणाच्या टेबलावर शेजारी कोणी बसत नसेल, तर ती रक्कम त्या मुलाला किती दिवस तेथे टिकवील? प्रवेश देणे आणि सामावून घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली कायद्याने होते. दुसरी माणसांना करावी लागते.

येथवर मी इतरांना बोल लावले. आता माझ्या स्वतःच्या दप्तरातील एक पान उघडतो. नोकरीच्या उमेदीच्या वर्षांत काही काळ माझ्या टेबलावरून शिष्यवृत्तीची प्रकरणे जात असत. एकदा एका मुलीच्या बापाच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर तहसीलदाराची सही होती, शिक्का होता, पण तारीख नव्हती. नियम स्पष्ट होता. मी शेरा मारला, ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’, आणि फाइल खाली पाठवली. प्रकरण फिरून वर आले तेव्हा मार्च उलटून गेला होता आणि त्या वर्षीची तरतूद संपली होती. सोबत महाविद्यालयाचे दोन ओळींचे पत्र होते: सदर विद्यार्थिनी आता महाविद्यालयात येत नाही, सबब प्रकरण बंद करावे. मी ते बंद केले. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी ‘कामात अत्यंत काटेकोर’ असा शेरा मिळाला. त्या मुलीचे नाव मला आजही पाठ आहे. तिचे पुढे काय झाले ते मी कधी शोधले नाही. एक पोस्टकार्ड टाकून तारीख मागवता आली असती. तसे करण्यास नियमाने मनाई नव्हती. मनाई होती ती माझ्या सवयीची.

यावर काही आक्षेप निघतील, आणि ते सगळेच पोकळ नाहीत. कोणी म्हणतील, खोटे दाखले जोडून धनदांडग्यांची मुलेही सवलती लाटतात. लाटतात, त्यांना शिक्षा व्हावी. परंतु धान्यात खडे निघाले म्हणून कोणी चूल विझवीत नाही. कोणी म्हणतील, आधी प्राथमिक शाळा सुधारा, मग विद्यापीठाचे बघा. शाळा सुधारल्याच पाहिजेत. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते, की रयतेच्या करातून उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. त्यांचा रोख उच्च शिक्षणाच्या मक्तेदारीवर होता. त्याच गाऱ्हाण्याचा आधार घेऊन आज रयतेच्या मुलाला विद्यापीठाच्या दारातून परत पाठवणे हा फुल्यांचा उलटा अर्थ होय. आणि कोणी म्हणतील, भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ सांगितले, ‘मागा आणि शिका’ नव्हे. अगदी बरोबर. परंतु भाऊरावांनी मुलाला काम शोधत रस्त्यावर सोडले नाही. संस्थेने त्याला काम दिले, स्वयंपाकघर दिले, छप्पर दिले, आणि मग त्याच्याकडून श्रम मागितले. आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात सायंकाळी दोन तास बसण्याचे काम आपण त्या विद्यार्थ्याला जरूर द्यावे. पण काम देण्यासाठीही आधी त्याला या शहरात टिकू द्यावे लागेल.

मग आपण करावे तरी काय? जे अजून खुर्चीवर आहेत, त्यांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. निर्वाहाचा भत्ता महागाई भत्त्याप्रमाणे निर्देशांकाशी बांधावा, असे टिपण कोणीतरी प्रथम लिहावे लागेल; ते आपण लिहावे. रक्कम वर्षअखेर एकगठ्ठा न मिळता महिन्याच्या महिन्याला मिळाली पाहिजे. पगार मार्चअखेर एकदम मिळाला तर आपले घर चालेल काय, एवढाच प्रश्न या बाबतीत पुरेसा आहे. आणि फीवाचून प्रवेश देणारे फ्रीशिप कार्ड २०२१ च्या नियमावलीत असेल, तर जागा निश्चित करण्याच्या रकमेलाही तीच सवलत लागू व्हावी. ज्याची फी अखेर सरकारच भरणार आहे, त्याच्याकडून पाच वाजण्याच्या आत साडेसतरा हजार मागण्यात कोणते शहाणपण आहे?

जे निवृत्त झाले, त्यांच्या हाती फाइल नाही; पण मंडळ आहे. आपल्या मंडळांच्या वास्तू, आपली अतिथिगृहे, आपल्या ठेवी, हे सारे परमुलुखात आलेल्या मराठी माणसाला आधार मिळावा म्हणूनच आपल्या वाडवडिलांनी उभे केले. त्या काळी येणारा मराठी माणूस बहुतेक कारकून किंवा अधिकारी असे. आज बीडहून, गडचिरोलीहून, नंदुरबारहून एखादी मुलगी मराठी माध्यमातून बारावी होऊन दिल्लीच्या किंवा हैदराबादच्या विद्यापीठात येते. ती गणपतीच्या आरतीला येतही असेल, मागे उभी राहून जातही असेल. तिला नाव विचारायचे आपल्याला सुचत नाही. तिला दोन खोल्यांपैकी एकीची किल्ली द्यावी. प्रवेशाच्या हंगामात परतबोलीने वापरता येईल असा एक लहानसा निधी ठेवावा, म्हणजे पावणेपाच वाजता कोणाला गावभर फिरावे लागणार नाही. आणि आपल्यापैकी प्रत्येकाने एका विद्यार्थ्याचा शहरातील वडीलधारा व्हावे: अर्ज वाचून दाखवावा, इंग्रजी पत्राचा मसुदा तपासावा, आजारपणात दवाखान्यात बरोबर जावे. याला फार पैसा लागत नाही. आपल्याला जे सहज ठाऊक आहे, ते त्याला सांगायचे असते एवढेच.

एक खबरदारी मात्र घ्यावी. हे करताना आपण उपकार करीत आहोत अशी भावना त्या मुलाच्या लक्षात येता कामा नये. आपल्या आजोबांनी जे वार जेवले, त्यांतल्या काही घरचे अन्न गोड लागले आणि काही घरचे घशाखाली उतरले नाही, असे तेच सांगत. फरक स्वयंपाकात नव्हता. वाढणाऱ्याच्या चेहऱ्यात होता. शिवाय त्या जुन्या पंगतीचा दोष आपल्याला सुधारावयाचा आहे. त्या पंगतीत बसण्यापूर्वी जात विचारली जात असे. या पंगतीत ती विचारली जाऊ नये, आणि ज्याला आजवर कोणत्याच पंगतीत पान मिळाले नाही त्याचे पान आधी मांडले जावे.

मंडळाची पुढील सभा दसऱ्यानंतरच्या रविवारी भरणार होती. गणपूर्तीअभावी ती तहकूब झाली. आता ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी ठेवली आहे, कारण त्या दिवशी मंडळी हटकून येतात. ठराव विषयपत्रिकेवर सातवा आहे. वयोवृद्ध सभासदांना मी घरी जाऊन भेटलो आणि वर लिहिलेले सारे त्यांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझे वडील सदाशिव पेठेत शुक्रवारी एका विधवा बाईंकडे जेवत. त्या बाईंचे नाव ते मरेपर्यंत घेत असत.” सभेत ते कोणत्या बाजूने हात वर करतील, हे मी त्यांना विचारले नाही. ज्या गावी ही ओळ वाचली जात असेल, तेथल्या मंडळाच्या विषयपत्रिकेवर असा ठराव आहे काय, एवढे मात्र प्रत्येक वाचकाने पाहावे. नसल्यास तो मांडावा, आणि सातवा नव्हे, पहिला मांडावा.